तिथीची पाऊणपट

मार्गशीर्षातली सकाळ. देवबागच्या टोकाला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे आम्ही सात जण गुडघाभर पाण्यात चपला हातात धरून उभे होतो. उजाडलं होतं, पण सूर्य अजून डोंगराच्या पलीकडेच होता. होडी पाण्यात डुलत होती आणि होडीवाले काका इंजिनाला दोरी बांधत होते. फेरी तीन तासांची ठरली होती: संगमातून बाहेर पडायचं, भोगव्याच्या अंगाने दक्षिणेला जायचं, निवतीच्या कड्यांखालच्या घळी पाहायच्या, वाटेत एखाद्या लपलेल्या पुळणीवर उतरायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं.

"किती वाजता पोचू आपण घळीपाशी?" मी विचारलं.

काकांनी मान वर न करताच उलट विचारलं, "आज तिथ खंयची?"

माझ्याबरोबर माझी दहा वर्षांची भाची होती. तिला वाटलं, काकांना नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, पंचमी.

"पाचाची पावणपट पावणेचार. दुपारी पावणेचाराक भरती. आमच्याकडे थोडी आदीच येता. म्हणजे नवाच्या भितर घळीकडे पोचाक व्हया, मगे पाणी वळाक लागतला."

एवढं बोलून त्यांनी भाचीला उचलून होडीत ठेवलं. होडी निघाली तरी भाचीचं बोटांवर मोजणं चालूच होतं.

हा हिशेब कोकणपट्टीवरच्या दर्यावर्दी घरांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते. पुढे चंद्र रोज थोडा उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. तीस तिथींचा महिना संपेपर्यंत हे सरकणं पुरं चोवीस तासांचं होतं, म्हणजे एका तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास याच्या इतका जवळ आहे की तोंडी हिशेबाला तोच पुरतो. तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. तिच्यातून सव्वासहा तास वजा करा, ओहोटी मिळते. हा मेळ मुंबईच्या भरतीचा. मालवणला ती थोडी लवकर येते, हे काकांना पाठ होतं. ओहोटी साडेनऊला असायला हवी, ती त्यांनी नवाच्या आत धरली ती त्यामुळे.

मी आजवर कोकणातल्या अशा फेऱ्या पुष्कळदा केल्या. त्या सकाळी मात्र पहिल्यांदा लक्षात आलं की या फेरीचं खरं तिकीट हा हिशेब आहे. घळ रोज तिथेच असते, पण तिचं दार काही तासच उघडं राहतं. पुळणही तिथेच असते, पण तिच्यावर पाय ठेवायला जागा केव्हा असेल हे चंद्र ठरवतो. या जागा आजवर टिकल्या त्या अशा बंद दारामुळे, आणि त्या दाराची वेळ ओळखणाऱ्या माणसांमुळे. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच आहे.

*

देवबाग हा जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे. एका अंगाला कर्ली, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, आणि मधे माडांची आणि घरांची दाटी. सह्याद्रीतून उतरलेली कर्ली शेवटच्या टप्प्यात किनाऱ्याला समांतर वाहते आणि या टोकाला येऊन समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे. अलीकडे मालवण तालुका, पलीकडे वेंगुर्ले तालुका. नदीच्या मुखात वाळूचा एक उंचवटा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर त्याला त्सुनामी आयलंड हे नाव पडलं आणि पर्यटकांच्या जिभेवर तेच रुळलं.

संगमातून बाहेर पडणं हा या फेरीतला पहिला अवघड भाग. नदीचं पाणी बाहेर येत असतं, समुद्राच्या लाटा आत येत असतात, आणि दोघांच्या मधे वाळूचा उथळ दांडा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. काका उभे राहून पाण्याचा रंग बघत होते. जिथे लाट लवकर फुटते तिथे उथळ, जिथे पाणी काळसर आणि गप्प तिथे खोल. त्या काळसर पट्ट्यातून वळणं घेत त्यांनी होडी बाहेर काढली आणि मगच ते खाली बसले.

बाहेर समुद्र आरशासारखा होता. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही. दुपारकडे जमीन तापली की वारा उलटतो, समुद्राकडून येऊ लागतो आणि पाणी खवळतं. म्हणून या फेऱ्या सकाळच्या. तिथीने भरती कळते आणि वाऱ्याने परतण्याची वेळ. दोन्ही जुळतील असे दिवस महिन्यात काहीच असतात.

भोगव्याची लांबच लांब पुळण डाव्या हाताला सरकत गेली. तिच्यासमोर डॉल्फिन दिसले. पाठीवर कुबड असलेले हे हंपबॅक डॉल्फिन नदीमुखांच्या आसपास, उथळ पाण्यातच राहतात. म्हणून ते किनाऱ्याला इतके जवळ दिसतात आणि म्हणूनच माणसाचा त्रासही त्यांनाच जास्त होतो. काकांनी इंजिन बंद केलं. पाठोपाठ दोन पाठी वर आल्या, श्वास सोडल्याचा फुसकारा ऐकू आला आणि पाणी पुन्हा मिटलं. दूरवर दुसरी एक होडी इंजिनाचा आवाज वाढवत त्यांच्या मागे निघाली होती. काकांनी हात वर करून जोरात हाक मारली. होडी थांबली.

*

भोगव्याची वाळू संपते आणि कडा सुरू होतो. निवतीचा किल्ला याच डोंगरावर आहे. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला आणि त्याच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर नजर ठेवायला निवती. वर किल्ल्याचे अवशेष झाडीत बुडालेले आहेत. खाली समुद्राने आपलं वेगळं बांधकाम चालवलं आहे.

किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी कड्यावर सावली असते. पर्यटक ज्या सोनेरी खडकांचे फोटो काढतात ते संध्याकाळच्या उन्हात सोनेरी होतात. आम्ही पाहिले तेव्हा ते ओल्या गुळाच्या ढेपेच्या रंगाचे होते. कड्याला लागून गार हवा खाली उतरत होती. कड्याच्या वरच्या भागात जांभा, कोकणातल्या प्रत्येक घराच्या चिऱ्यात दिसणारा तोच भोकाभोकांचा लालसर दगड. त्याला शास्त्रात लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये दिलं. केरळात अंगाडीपुरम इथे लोक तो ओला असताना कापून विटांसारखा वापरतात हे त्याने पाहिलं होतं, म्हणून विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आलं. जांभा वरून कठीण. त्याच्या खाली पुष्कळदा पांढुरकी मऊ माती असते, आणि तिच्याही खाली जुना, भेगाळलेला कातळ.

समुद्राला घळ कोरायला भेग पुरते. लाट भेगेत शिरते तेव्हा आतली हवा कोंडते. पाणी पुढे रेटतं, हवेला बाहेर पडायला जागा नसते आणि ती दगडाच्या प्रत्येक चिरेत घुसते. लाट मागे हटली की तीच हवा एकदम सुटते. हे दिवसातून हजारो वेळा होतं. त्यात लाट आपल्याबरोबर गोटे आणते आणि त्यांनी भेगेचा तळ घासते. पाण्यातलं मीठ दगडाच्या छिद्रांत सुकतं, त्याचे स्फटिक होतात आणि दगडाचे कण सुटे करतात. भेगेची कपार होते, कपारीची घळ. टेकाडाच्या दोन्ही बाजूंनी दोन घळी आत येऊन मिळाल्या तर कमान होते. कमानीचा माथा एखाद्या पावसाळ्यात कोसळतो आणि समुद्रात एकटा सुळका उरतो. निवतीच्या समोर पाण्यात उभे असलेले सुटे खडक पाहताना ही सगळी पायरीपायरीची गोष्ट एका नजरेत दिसते.

घळीच्या तोंडाशी काकांनी इंजिन बंद करून पंखा वर उचलला आणि वल्हं हातात घेतलं. पण लगेच आत नेलं नाही. होडी तोंडाबाहेर वीसेक हातांवर धरून ते नुसते बघत बसले. एक लाट आत गेली, आली. दुसरी. तिसरी. भाची चुळबुळ करू लागली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं की मोठी लाट एकटी येत नाही, तिघीचौघी मिळून येतात, आणि त्या येऊन गेल्या की मधे थोडी उसंत मिळते. आम्ही त्या तिघीचौघींची वाट पाहिली. त्या आल्या. होडी उचलली गेली, खाली बसली, आणि घळीच्या पोटातून तोफेसारखा एक आवाज आला. पाठोपाठ तोंडातून गार, खारट तुषार आमच्या अंगावर उडाले. मग पाणी शांत झालं आणि काकांनी वल्ह्याचे चार हात मारले.

आत शिरताच आवाज बदलला. बाहेर समुद्र पसरून बोलतो. आत तो कानाशी बोलत होता. थेंब पडल्याचा, वल्ह्यावरून पाणी ओघळल्याचा, होडीच्या बुडाला पाणी चाटल्याचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता. भिंतीवर पट्टे होते. सर्वांत खाली पाण्याला लागून हिरवं शेवाळ. त्याच्या वर कालवांची आणि खडपावर चिकटलेल्या शंखांची करडी, खरखरीत पट्टी. त्याहून वर काळा डाग, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं. आणि काळ्या डागाच्या वर कोरडा, तांबूस दगड, त्याच्या खोबणीत पारव्यांची विष्ठा. भरती-ओहोटीचं अख्खं पंचांग त्या भिंतीवर लिहिलेलं होतं. पंचमीचं पाणी कुठवर चढेल आणि पौर्णिमेचं कुठवर, हे बोट ठेवून दाखवता आलं असतं. आत्ता जिथे माझं डोकं होतं, तिथे पौर्णिमेच्या दुपारी पाणी असणार होतं.

एक खेकडा भिंतीवरून आडवा पळत होता. भाचीने ओरडून आवाज घुमतो का ते पाहावं म्हणून तोंड उघडलं, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि वर दाखवलं. वरच्या खोबणीत पारवा अंड्यांवर बसला होता. ती गप्प बसली. आम्ही सगळेच गप्प बसलो. तीन-चार मिनिटं असतील. मग काकांनी होडी मागे घेतली.

घळींची ही जात कोकणाला अपरिचित नाही. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे. कातळात पडलेली लांब, अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की कोंडतं आणि कारंज्यासारखं उंच उसळतं. वेंगुर्ल्याजवळ कोंडुरा आहे. तिथल्या घळीत समुद्र गर्जतो आणि ती गर्जना त्या भागातल्या माणसांच्या श्रद्धेत आणि भयात उतरली आहे. चिं. त्र्यं. खानोलकर याच मातीतले. त्यांच्या १९६६ च्या कादंबरीने कोंडुरा हे नाव मराठी वाचकाच्या मनात कायमचं कोरलं. १९७८ मध्ये श्याम बेनेगल यांनी तिच्यावर चित्रपट केला. घळीच्या तोंडाशी बसून तो आवाज ऐकला की या किनाऱ्यावर देव आणि देवचार इतके जवळ का राहतात ते कळतं. माणसाने या जागांना कुंपण घातलं नाही. त्यांच्याभोवती भीती उभी केली, आणि पुष्कळ काळ ती कुंपणाचं काम करत राहिली.

*

पुळण पुढच्या वळणावर होती. दोन कातळांच्या मधे, एखाद्या घराच्या अंगणाएवढी. मागे सरळ कडा, वरून उतरायला वाट नाही. भरतीला ती निम्म्याहून जास्त पाण्याखाली जाते. काकांनी होडीची नाळ वाळूवर चढवली आणि अर्ध्या तासाची मुदत दिली.

वाळूवर आमच्या आधी कुणीच चाललं नव्हतं असं म्हणावं, तर ते खरं नव्हतं. सगळ्या ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी होती. मुगाएवढे खेकडे ओहोटी लागली की बिळातून बाहेर येतात, वाळूचा कण न् कण तोंडात फिरवून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. प्रत्येक बिळापासून किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा निघाल्या होत्या. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जाणार आणि त्यानंतरच्या ओहोटीला पुन्हा काढलं जाणार. भाची पाऊल कुठे ठेवावं या विचारात एका पायावर उभी राहिली. शेवटी ती कातळाच्या कडेकडेने चालली.

ही पुळणही कायमची नाही. पावसाळ्यात उंच, उभ्या लाटा इथली वाळू ओरबाडून आत समुद्रात नेतात आणि खाली नुसते गोटे उरतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो, लांब आणि सौम्य लाटा येऊ लागतात आणि त्याच आपली वाळू परत आणून ठेवतात. तुळशीच्या लग्नापर्यंत पुळण पुन्हा भरलेली असते. दर वर्षी मोडायची आणि दर वर्षी घडायची, अशी ही जागा आहे.

कड्याच्या पायथ्याशी मात्र समुद्राने आणखी काही आणून ठेवलं होतं. नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, थर्मोकोलचे बोये, बाटल्या, एका पायाच्या चपला. जिथे माणूस पोचत नाही तिथे माणसाचा कचरा पोचला होता. काका काही न बोलता जाळ्याचे तुकडे गोळा करू लागले. आम्हीही लागलो. "ह्या पंख्यात अडाकता," ते म्हणाले, "आणि कासवाच्या गळ्यात." अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटं अशी गेली. होडीत एक पोतं भरलं. कचरा उरलाच, पण एक पोतं तरी कमी झाला.

*

निवतीच्या पुढे समुद्र मोकळा होतो. हवा स्वच्छ असेल तर आडव्या रेषेवर दीपगृहाचं बेट आणि आसपासचे खडक दिसतात. इंग्रजी नकाशांवर त्यांची नोंद वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स अशी आहे. आमची होडी तिकडे जात नाही, जाऊही नये. पण या किनाऱ्यावरच्या गुहांची सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या खडकांवर घडली आहे.

त्या खडकांतल्या गुहांत भारतीय पाकोळी घरटी करते. चिमणीएवढा, काळपट तपकिरी पक्षी. आयुष्याचा बराचसा वेळ तो हवेत असतो. सह्याद्रीची दक्षिणेकडची रांग, तिच्या लगतचा किनारा आणि श्रीलंका एवढाच त्याचा मुलूख. गुहेच्या पूर्ण अंधारात तो टकटक असा आवाज करत उडतो, त्या आवाजाचे पडसाद ऐकून भिंत कुठे आहे ते ओळखतो, आणि वटवाघळाच्या हाकेसारखा हा आवाज आपल्या कानांपलीकडचा नसतो, साध्या कानांना ऐकू येतो. आपल्या लाळेने तो गुहेच्या भिंतीवर वाटीच्या अर्ध्या भागासारखं घरटं चिकटवतो आणि त्यात दोन पांढरी अंडी घालतो. लाळ हवेत सुकून घट्ट होते. चिनी खाद्यपरंपरेत या लाळेच्या घरट्यांच्या सूपला मोठा मान आहे. ही भारतीय जात लाळेत पिसं आणि गवतकाड्या मिसळते, त्यामुळे तिचं घरटं पांढरंशुभ्र नसतं. तरीही माणूस त्याच्या मागे इथवर आला.

हा व्यापार जुना. ए. ओ. ह्यूम यांनी एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्याच्या आपल्या सफरीत हे खडक पाहिले. इंग्रजी अमदानीत घरटी काढण्याचा मक्ता दिला जाई. हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याच्या या खडकांवरचे सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. मग बराच काळ या गुहांकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, आणि ज्यांचं होतं ते शिडी घेऊन येत होते. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांना, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, या गुहांत घरट्यांची चोरी चालल्याचं आढळलं. वनखात्याच्या साथीने कारवाई झाली. गुहांची राखण सुरू झाली. पाकोळीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत जागा मिळाली.

घरटं काढणाऱ्याला पक्षी मारावा लागत नाही. तो फक्त भिंत खरवडतो. पण घरटं गेलं की पक्षी पुन्हा लाळ गाळून दुसरं बांधतो, तेही गेलं तर तिसरं, आणि तोवर मोसम निघून गेलेला असतो. पिल्लंच होत नाहीत. वस्ती आवाज न करता रिकामी होते. गुहेतली हिंसा अशी असते. म्हणून गुहेच्या बाबतीत आत न जाणं हीसुद्धा एक कृती आहे, हे मला त्या आडव्या रेषेकडे बघताना फार तीव्रतेने वाटलं.

हाच धडा थायलंडनं वेगळ्या वाटेने घेतला. तिथल्या को फी फी ले या छोट्या बेटावर माया बे नावाची पुळण आहे, तिन्ही बाजूंनी चुनखडीच्या कड्यांनी वेढलेली. २००० साली एका हॉलिवूड चित्रपटात ती झळकली आणि दिवसाला हजारो माणसं होड्यांनी तिथे उतरू लागली. नांगरांनी आणि पंख्यांनी प्रवाळ मोडून गेलं. जून २०१८ मध्ये सरकारने ती बंद केली आणि जानेवारी २०२२ पर्यंत बंद ठेवली. आता होडीला त्या खाडीच्या तोंडातून आत यायला मनाई आहे. माणसं बेटाच्या मागच्या बाजूला उतरून चालत येतात. त्याच बेटावर व्हायकिंग केव्ह नावाची गुहा आहे आणि तिच्यात पाकोळ्यांच्याच नातलगांची घरटी काढण्याचा परवाना दिलेला आहे. ती गुहा पर्यटकांना होडीतूनच बघावी लागते. एकाच बेटावर घरट्यांच्या मोलामुळे गुहेला पहारा मिळाला आणि पुळण वाऱ्यावर सुटली.

*

परतीच्या वाटेवर मी काकांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. ते रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि दोन्ही टोकांना पुळणीवर उभं राहून पन्नास-साठ माणसांनी ओढायचं. मिळेल त्याचे वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, प्रत्येक माणसाचा वाटा. लहानपणी त्यांनी रापणीत माशांचे ढीग पाहिले. मग खोल समुद्रात यांत्रिक नौका वाढल्या, पर्ससीनची जाळी आली, आणि किनाऱ्याला लागायच्या आधीच मासा उचलला जाऊ लागला. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही. काकांच्या रापणीत आता माणसं पुरत नाहीत. म्हणून ऑक्टोबर ते मे पर्यटकांची होडी, आणि जमेल तेव्हा जाळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, आणि त्याच्या थोडं आधीपासूनच पर्यटकांच्या होड्याही वर ओढलेल्या.

मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २९.१२ चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्गाच्या भोवतीच्या प्रवाळासाठी ते गरजेचं होतं. पण मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध समजून घ्यायला हवा. ज्याने आयुष्यभर समुद्र वाचला त्याला एक दिवस कागदावरून कळतं की त्याच्या दाराशीच मनाईची रेषा ओढली आहे. संरक्षण त्याच्या हातून झालं तर टिकतं, त्याला वगळून झालं तर रोज मोडलं जातं. याच किनाऱ्यावर दुसरी उदाहरणंही आहेत. वेळासला कासवांची अंडी जपण्याचं काम २००२ पासून गावाला बरोबर घेऊन सुरू झालं, आणि आज कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला येणारे लोक गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. इंजिन नाही, त्यामुळे पक्षी उडत नाहीत.

निवतीच्या घळींनाही असंच काही हवं आहे. एका वेळी घळीत एकच होडी. तोंडाशी इंजिन बंद. विणीच्या काळात आत प्रवेश नाही. पुळणीवर किती माणसं आणि किती वेळ, याचा आकडा गावानेच ठरवलेला, आणि तो पाळणाऱ्या होडीवाल्याला तोटा होणार नाही अशी फेऱ्यांची पाळी. सागरी मंडळाचा परवाना होडीची आणि लाइफ जॅकेटची तपासणी करतो, ते आवश्यकच आहे. पण समुद्रावर क्षणोक्षणी निर्णय घेतो तो होडीवाला, आणि त्याच्या नकाराला किंमत मिळाली पाहिजे. आज त्याला पैसे मिळतात ते 'हो' म्हणण्याचे.

हे मी लिहिते आहे, कारण त्या सकाळी मी तो नकार ऐकला.

पहिल्या घळीनंतर आणखी एक घळ होती, जास्त खोल, आत दुसरं तोंड असलेली. आमच्यातल्या एका कुटुंबाने तिचा व्हिडिओ पाहिला होता आणि ते तिच्यासाठीच कोल्हापूरहून आले होते. आम्ही तिच्यासमोर पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. पाणी अजून खालीच दिसत होतं. काकांनी पुन्हा होडी धरून ठेवली, पुन्हा लाटा मोजल्या. मग एक बारीकशी गोष्ट त्यांनी पाहिली, जी आम्हाला दाखवल्यावरच दिसली. घळीच्या तोंडाशी तरंगणारं एक सुकं माडाचं पान इतका वेळ बाहेर सरकत होतं. आता ते थांबलं होतं. आणि बघता बघता ते आत सरकायला लागलं.

"पाणी वळला," काका म्हणाले. "आज थंय जावचा नाय."

कोल्हापूरच्या गृहस्थांनी जास्त पैसे देऊ केले. दोनच मिनिटं, फक्त तोंडापर्यंत, असंही म्हटलं. काकांचा आवाज चढला नाही. "वांगडा पोरा आसत," ते म्हणाले. "फुडल्या आठवड्यात येवा. घळ खंय जाता?"

त्यांनी इंजिन सुरू केलं आणि होडीचं तोंड उत्तरेकडे वळवलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या गृहस्थांनीच विचारलं, पान कशाला बघायचं, पाण्याकडे बघून कळत नाही का? काकांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि समजावायला सुरुवात केली. फेस कुठे जातो, खडकावरची ओली रेघ वर चढते की खाली उतरते, होडी सोडली तर नाळ कुणीकडे वळते. संगम येईपर्यंत त्यांचं ते बोलणं चालू होतं. डोंगरामागून वर आलेला सूर्य आता आमच्या पाठीवर होता आणि वाऱ्याची पहिली उलटी झुळूक समुद्रावरून आली होती.

देवबागला उतरलो तेव्हा वाळूच्या दांड्यावरचं पाणी सकाळपेक्षा वर चढलं होतं. जाळ्याच्या तुकड्यांचं पोतं काकांनी खांद्यावर घेतलं. भाची पाण्यातच उभी राहून पुन्हा बोटं मोजत होती. मला वाटलं, दमली असेल. मी हाक मारली.

"उद्या षष्ठी," ती म्हणाली. "सहाची पाऊणपट साडेचार. काका, मग उद्या दहाच्या आत?"

पोतं खाली ठेवून काकांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय गो बाय," ते म्हणाले. "धाच्या भितर."